घरातली पहिली शिकलेली बाई शोधताना: पणजीचं माहेर, तिचं खरं नाव आणि आडनावाचं मूळ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आजीची आई विधवा झाल्यावर कडेवर एक वर्षाची पोर घेऊन पुण्याला शिकायला गेली आणि पुढे मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. तिचा माग काढायला मला बरीच वर्षं लागली, आणि ते कळल्यापासून लोक मला आपापल्या पणज्यांबद्दल विचारत असतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतेय. सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम आहे, आणि जे एकदा सांगून झालंय तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. माझ्याकडे पणजीचं फक्त सासरचं नाव आहे. सुरुवात कुठून करू?

घरातूनच करा, ऑफिसात नंतर जा. माळ्यावरची जुनी भांडी खाली काढा, हे मी सगळ्यात आधी सांगते. आपल्याकडे लग्नात दिलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती आणि देणारे बहुतेक माहेरचे, त्यामुळे माहेर तिथे कोरलेलं असतं. माझ्या पणजीचं माहेरचं नाव मला एकाही कागदात मिळालं नव्हतं, ते मिळालं एका पितळी डब्यावर. आत्या त्यात कित्येक वर्षं रव्याचे लाडू ठेवायची. चिंचेने घासला तेव्हा तळाशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली, चि. सौ. कां. अमुक हीस मामाकडून, वैशाख शके १८१९. म्हणजे नाव, नातं आणि लग्नाचा महिना असं तिन्ही एका डब्यावर. त्यानंतर जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, फोटोंच्या पाठी, पोथ्यांची पहिली पानं आणि पोस्टकार्डांवरचे पत्ते बघा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे बसा. "पणजीची माहिती सांग" म्हटलं की काहीच आठवत नाही, पण "दिवाळीला माहेराहून न्यायला कोण यायचं, गाडी कुठल्या गावाहून यायची" असं विचारलं की सगळं येतं. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या म्हणायला लावा आणि रेकॉर्ड करा, ओवीत माहेरचं गाव, नदी, भावाचं नाव हमखास येतं.

२. जुन्या कागदात तिचं नाव वेगळंच कसं निघतं?

कारण लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदलायचे. आनंदीबाई जोशी माहेरची यमुना. रमाबाई रानडे पण माहेरची यमुनाच, आडनाव कुर्लेकर. लक्ष्मीबाई टिळक माहेरची मनकर्णिका गोखले. आणि पुनर्विवाह झाला असेल तर तिसरं नाव: बाया कर्वे माहेरची गोदूबाई जोशी, मग नातू, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झाल्यावर आनंदीबाई कर्वे. पुण्याला पंडिता रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेत, शारदा सदनात, शिकत होत्या तेव्हा त्या नातू होत्या, तिथे "कर्वे" शोधत बसलं तर काही हाताला लागणार नाही. म्हणून प्रत्येक बाईसाठी एका कागदावर तिची सगळी नावं लिहा आणि प्रत्येक नावापुढे ते कधीपासून कधीपर्यंत होतं ते लिहा. घरात हाक मारायचं नाव पण लिहा, कारण "ताई", "बाया", "जिजी" याच नावाने पत्रं असतात.

३. सौ., गं. भा., चि. सौ. कां. यावरून काही कळतं का?

खूप कळतं. कागदावर साल नसेल तर मी आधी हेच बघते. चि. सौ. कां. असेल तर लग्न ठरलंय किंवा उभं आहे. सौ. असेल तर कागद लिहिला तेव्हा नवरा जिवंत होता. गं. भा. असेल तर नवरा गेलेला. एका पत्रात सौ. आणि पुढच्या पत्रात गं. भा. दिसलं की नवऱ्याच्या मृत्यूचा काळ त्या दोन पत्रांच्या मधे पक्का होतो. कुंकवाची बोटं लावलेलं पत्र लग्नकार्याचं, ते वेगळं काढून ठेवा, त्यात पाहुण्यांची नावं असतात.

४. सातबारा-फेरफारात कोम, भ्रतार, जौजे, बिन, वलद असं लिहिलंय. हे आडनाव आहे का?

नाही. बिन आणि वलद म्हणजे "चा मुलगा". कोम, भ्रतार आणि जौजे म्हणजे "ची बायको". "राधाबाई कोम गणपत" म्हणजे गणपतची बायको राधाबाई, आणि भ्रतारचं कधी नुसतं "भ्र." केलेलं असतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कागदात जौजे जास्त दिसतं. बऱ्याच जणांनी वंशावळीत "कोम" आडनाव म्हणून टाकलेलं मी बघितलंय, ते आधी दुरुस्त करा. आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पोरं लहान असताना बाप गेला की पुष्कळदा आईचं नाव तिथे लागतं, म्हणजे ती बाई ऐन तरुणपणी विधवा झाली हे त्या तीन अक्षरांतून समजतं.

५. बायकांची नावं नेमकी कुठल्या सरकारी कागदात मिळतात?

पहिलं, कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावची जन्म-मृत्यूची वही. यात जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक नसतंच, बापाचं नाव आणि "मुलगी" एवढंच. मृत्यूच्या नोंदीत मात्र बाईचं नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, अंदाजे वय आणि कारण असतं, ताप, पटकी, प्लेग असं. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी या जुन्या वह्या मोठ्या प्रमाणात तपासल्या गेल्या, स्कॅन झाल्या आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या वेबसाईटवर टाकल्या गेल्या, त्यामुळे आता घरबसल्या बघायला मिळतं. लोक त्यात पणजोबा शोधतात, पण त्याच पानावर पणजी असते तिकडे लक्ष जात नाही.

दुसरं, फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीत बदल झाल्याची नोंद, आणि हे माझं सगळ्यात आवडतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुली पण वारस झाल्या, त्यामुळे बाप १९५६ नंतर गेला असेल तर वारस नोंदीत सगळ्या मुली सासरच्या नावासकट येतात. त्यामागोमाग बहुतेक घरांत हक्कसोड पत्र झालेलं असतं, बहिणींनी भावाच्या नावे हक्क सोडल्याचं, आणि त्यात प्रत्येकीचं पूर्ण नाव, वय, राहायचं गाव असतं. ज्या कागदाने तिचा वाटा गेला त्याच कागदात तिचा पूर्ण पत्ता लिहिलेला सापडतो, मला ते दर वेळी लागतं मनाला. हे दुय्यम निबंधकाकडे मिळतं, आणि स्कॅन झालेले जुने फेरफार "आपले अभिलेख" या सरकारी वेबसाईटवर काही जिल्ह्यांचे आहेत. म्हणजे पणजीचं माहेर शोधायचं तर पणजीच्या *भावाच्या* जमिनीचे कागद काढायचे, हे लक्षात ठेवा.

जनगणनेचं पण बरेच जण विचारतात. आपल्याकडे जुन्या जनगणनेचे घरोघरचे फॉर्म जपलेले नाहीत, फक्त आकडे आहेत, त्यात वेळ घालवू नका.

६. ती शिकलेली होती, शिक्षिका किंवा नर्स होती असं घरी सांगतात. कागद कुठे असतील?

काळ आणि शहर ठरवा, म्हणजे संस्था दोन-चारच उरतात. पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ पासून. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ ला मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, नंतर हिंगण्याला गेला. सेवासदन १९०९ चं. १९१६ ला महिला विद्यापीठ. हुजूरपागेच्याही आधीची असेल तर मिशनच्या शाळा. संस्थेला पत्र लिहिताना तिची *सगळी* नावं द्या (प्रश्न २), आणि "आमच्या पणजीची माहिती द्या" असं मोघम न लिहिता "अमुक ते अमुक सालातलं दाखल रजिस्टर आणि वार्षिक अहवाल बघता येतील का" असं विचारा. वार्षिक अहवालात विद्यार्थिनींची आणि देणगीदारांची नावं छापायचे, माझी पणजी मला तिथेच सापडली, नावापुढे एकच शब्द होता, "विधवा".

शाळेचं जनरल रजिस्टर सोडू नका. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ची "भिवा रामजी आंबेडकर" ही नोंद आजही आहे, एवढ्या जुन्या वह्या टिकलेल्या असतात. मुलींच्या बाबतीत "शाळा सोडल्याचं कारण" हा रकाना वाचा, तिथे "लग्न झाल्यामुळे" लिहिलेलं असतं आणि लग्नाचं साल मिळून जातं. जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली धरा. शिक्षिका असेल तर जिल्हा परिषदा १९६२ मधे आल्या, त्याआधीचे कागद लोकल बोर्डाचे किंवा स्कूल बोर्डाचे, त्या नावाने मागा नाहीतर "आमच्याकडे नाही" हेच उत्तर येतं. मला एका कार्यालयातून तीन वेळा तसं उत्तर आलं, चौथ्यांदा बरोबर नाव लिहिल्यावर गठ्ठा निघाला.

७. शके, फसली, सुहूर सन… इंग्रजी साल कसं काढायचं?

शके अधिक ७८, आणि जानेवारी ते फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथीला ७९. म्हणजे माझ्या डब्यावरचं वैशाख शके १८१९ म्हणजे १८९७. फसली अधिक ५९०, ते मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या कागदात भरपूर. सुहूर सन अधिक ५९९ किंवा ६००, पेशवाईतल्या कागदात. फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, म्हणून एक वर्ष इकडेतिकडे धरून चाला. मी एकदा फसली साल शके समजून मोजलं आणि भलत्याच पिढीची बाई जवळपास वर्षभर आमची म्हणून शोधत होते, तेव्हा आधी कागद कुठल्या भागातला ते बघा, मग बेरीज करा.

८. मोडी येत नाही, मग अडलं का?

अडत नाही, पण निदान नाव ओळखण्यापुरती शिकाच, महिनाभरात जमतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळे आडनावं चुकीची वाचली जातात. पैसे देऊन वाचून घेतलंत तरी आडनाव आणि गावाचं नाव दुसऱ्या वाचकाकडून तपासून घ्या. पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे लोक पेशवे दप्तर म्हणतात ते, मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, इथल्या लोकांशी बोला, वाचक तिथेच भेटतात.

९. आमच्या कुलवृत्तांतात सगळे पुरुषच आहेत. बायका कुठे शोधू?

कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक, नीट वाचला तर बऱ्याच ठिकाणी पत्नीच्या पुढे माहेरचं नाव आणि बापाचं नाव बारीक अक्षरात असतं. ते मिळालं की *तिच्या माहेरच्या* घराण्याचा कुलवृत्तांत उघडा, तिथे ती मुलगी म्हणून, वेगळ्या नावाने, कधीकधी जन्मसालासकट असते.

आणि एक जागा जी कोणाला सुचत नाही ती म्हणजे श्राद्धाची यादी. पितृपक्षात भटजींना द्यायला घरात नावांचा एक कागद असतो. त्यात बाप-आजोबा-पणजोबा असतात तसे आई, आजी, पणजी पण असतात, आणि त्याखाली आईचे वडील, त्यांचे वडील, आणि आईची आई, आजी, पणजी, गोत्रासकट. माहेरची बाजू लिहून ठेवलेला घरातला हा एकुलता एक कागद असू शकतो. दरवर्षी हाताळून फाटलेला असतो, आजच फोटो काढा.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की पान निघतं. बायकांची नावं असतील नसतील, पण अस्थी घेऊन कोण आलं होतं ते असतं. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येतात, सुगीला बैल घेऊन, आणि घराण्याची पिढीजात नावं म्हणून दाखवतात. त्यात मुख्यतः पुरुष, पण "हे घर अमुक गावाहून उठून इथे आलं" हे त्यांच्याकडेच मिळतं आणि ते आडनावाला लागतं (प्रश्न १०).

१०. आमचं आडनाव "-कर" आहे, म्हणजे त्या गावचे आम्ही, बरोबर ना?

बहुतेक वेळा हो, पण "-कर" लागतं ते गाव *सोडल्यावर*. गावात सगळेच त्या गावचे, तिथे कोणाला तसं म्हणायचं कारण नाही. म्हणजे आडनावाच्या गावी तुमचं आडनावच सापडणार नाही, तिथे तेच घर पाटील, जोशी किंवा शेणवी म्हणून असेल. त्या गावी जाऊन कुलदैवत आणि गोत्र विचारा, आडनाव विचारू नका. दुसरी अडचण गावाच्या नावाची, वडगाव, पिंपळगाव, पाली ही नावं किती तालुक्यांत आहेत बघा. कुलदैवत जिथलं आहे त्या बाजूचं गाव आधी धरा.

११. आमचं मूळ आडनाव वेगळं होतं म्हणतात. असं बदलतं का?

सर्रास बदलायचं. आज आपण जसं आडनाव पक्कं धरतो तसं ते शाळा, नोकरी आणि सरकारी कागद आल्यावर झालं. जोतीराव फुल्यांचं घराणं साताऱ्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे, पेशव्यांना फुलं पुरवायला लागले आणि फुले झाले. सावित्रीबाई माहेरच्या नेवसे, नायगावच्या. नाना फडणवीस भानू, फडणिशी हे काम. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि मग आंबेडकर.

कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील, पोतदार, चिटणीस, सबनीस, पारसनीस ही सगळी कामं किंवा वतनं, त्यांच्या मागे बहुतेक दुसरं आडनाव असतं. दत्तक गेला की आडनाव बदलतं ते वेगळंच. अलीकडचा बदल असेल तर सरकारी राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात शोधा.

१२. एकच आडनाव, म्हणजे आम्ही नातेवाईक का?

नाही. जाधव, मोरे, शिंदे, पवार, गायकवाड, जोशी ही आडनावं कितीतरी जातींत आणि घराण्यांत आहेत. देवक, कुलदैवत, गोत्र आणि मूळ गाव, यातल्या तीन गोष्टी जुळल्या तर पुढे बोला.

१३. माहेर आणि सासर दोन्हीकडे एकच आडनाव आहे. कागदात चूक आहे का?

चूक असेलच असं नाही. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्याही जोशी आणि सासरच्याही जोशी. अशा वेळी बापाचं नाव आणि गाव यावरच भिस्त ठेवा. आणि इंग्रजी स्पेलिंगचं भान ठेवा: अमेरिकेत पकीप्सीला त्यांच्या अस्थींवर जो दगड आहे त्यावर जोशी हे आडनाव शेवटी दोन ई घालून कोरलंय. इंग्रजी कागद शोधताना प्रत्येक आडनावाची चार-पाच स्पेलिंगं करून बघा.

१४. तिचं आडनावच कुठे लिहिलेलं नाही. असं कसं?

जुन्या कागदात हे नेहमीचंच. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला हायकोर्टात "दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई" या नावाने चालला, कोणाचंच आडनाव नाही. आज आपण त्यांना रखमाबाई राऊत म्हणतो, पण राऊत हे आईच्या दुसऱ्या नवऱ्याचं, डॉ. सखाराम अर्जुन यांचं आडनाव. जन्मदाते वडील जनार्दन पांडुरंग. म्हणजे खटल्याच्या कागदात "राऊत" शोधाल तर मिळणार नाही. सावत्र बापाचं आडनाव, मामाचं आडनाव, नवऱ्याचं आडनाव, तिन्ही करून बघा, नाहीतर फक्त नाव आणि बापाचं नाव.

१५. पणजी गोव्याची, गाणाऱ्या घरातली होती. घरात कोणी बोलत नाही.

आधी एवढंच, बोलायला भाग पाडू नका. कलावंत घरांत वंश आईकडून चालायचा, त्यामुळे तिथे बापाचं आडनाव शोधणं हीच चुकीची दिशा आहे. आईचं नाव, तिच्या आईचं नाव आणि देऊळ, या तीन गोष्टी शोधा. आडनाव पुष्कळदा गावावरून घेतलं गेलं, मंगेशीवरून मंगेशकर तसं. देवस्थानचे कागद आणि पणजीचं, म्हणजे शहर पणजीचं, गोवा पुराभिलेखागार बघा. ख्रिस्ती घर असेल तर चर्चची बाप्तिस्म्याची वही, तिथे आडनाव पोर्तुगीज असतं आणि एकाच गावच्या भलत्याच घरांना एकच आडनाव मिळालेलं असतं.

१६. आमची पणजी मॉरिशसला गेली होती. तिथलं आडनाव मराठी वाटतच नाही.

१८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर तिकडे गेले, त्यात कोकणातली पुष्कळ मराठी माणसं मुंबई बंदरातून गेली. तिथे उतरल्यावर प्रत्येकाला नंबर मिळायचा, *बाईला तिचा स्वतःचा*, नवऱ्याचा नाही. नोंदीत जहाज, बापाचं नाव, गाव असायचं, पुढेपुढे फोटोही. ही रजिस्टरं मॉरिशसमधल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. आडनावाचं म्हणाल तर पहिल्या माणसाचं नुसतं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं, तेसुद्धा फ्रेंच-इंग्रजी कारकुनाला ऐकू आलं तसं. म्हणून आडनाव मोठ्याने, वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणून बघा, त्यात एखादा विठोबा किंवा सखाराम ऐकू येतो. इकडे गावी शोधायचं तर त्या आडनावाने नाही, नंबरासमोरच्या गावाने शोधा.

१७. डीएनए टेस्ट केली तर आडनाव कळेल का?

आडनाव कळणार नाही. आईकडून आईकडे जाणारी रेषा कळते, दूरचे नातेवाईक कधी जुळतात. आधी प्रश्न १ आणि ९ पूर्ण करा.

१८. ती जिल्ह्यातली "पहिली" शिक्षिका होती असं घरात सांगतात. लिहू का तसं?

कागद हातात येईपर्यंत "आमच्या घरात असं सांगतात" असं लिहा. आमच्याकडे पण "तालुक्यातली पहिली" असंच होतं, अहवालात तिच्या आधी दोघी निघाल्या. त्या दोघींची नावं मी आमच्या वंशावळीच्या वहीत तिच्या शेजारीच लिहून ठेवलीत, त्यांच्या घरचं कोणी शोधत आलं तर सापडाव्यात म्हणून.

१९. ती कधी गेली ते कुठेच सापडत नाही.

कोतवाल बुकात नसेल (प्रश्न ५) तर घरात तिचं श्राद्ध कुठल्या तिथीला करायचे ते विचारा. वर्षश्राद्धाची तिथी म्हणजे महिना, पक्ष आणि दिवस मिळाला, फक्त साल राहिलं, ते पत्रांतून आणि फेरफारातून घेरता येतं. आणि पितृपक्षात तिचं अविधवा नवमीला करत असतील तर ती नवऱ्याच्या आधी गेली, सवाष्ण गेली. म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूची नोंद हातात असेल तर तिचा मृत्यू त्याच्या आधीच्या पानांत शोधायचा, पुढची पानं उलटायची गरज नाही.